पर्वतीवरून वळसा

जुलै २०२४ मध्ये पुण्यात मुठेचं पाणी सिंहगड रोडच्या सोसायट्यांत शिरलं, तेव्हा आमच्या कट्ट्यावर एकजण म्हणाला, ‘‘लाइट गेली तर जाऊ दे, मोबाईल वायरलेस असतो!’’ वायरलेस, पण टॉवरपर्यंतच. पुढे अनेकदा फायबर केबल, आणि टॉवरची बॅटरी काही तासांची.

हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाले, यांनी यावर तोड काढली. वाय-फाय राउटरमधलं सॉफ्टवेअर बदलायचं, डिश अँटेना जोडून तो गच्चीवर चढवायचा. एरवी दोन भिंतींत दमणारा सिग्नल मग कित्येक किलोमीटर जातो. अमेरिकेत ‘एआरईडीएन’ नावाने अशी जाळी चालतात. एक राउटर बंद पडला, तर उरलेले आपसांत दुसरी वाट शोधतात.

खरी गंमत या वाट शोधण्यात आहे. समजा, धायरीहून शिवाजीनगरला फोटो पाठवायचाय. सरळ रेषेत इमारतींची गर्दी, डेटाच्या १० पाकिटांतली ५च पोचतात. पोचपावती आल्याशिवाय राउटर पाकीट पोचलं असं मानत नाही, आणि पावतीही त्याच गर्दीतून, निम्म्याच वेळा परतते. म्हणजे ०.५ × ०.५ = ०.२५, १ ÷ ०.२५ म्हणजे एका पाकिटाला सरासरी ४ खेपा. आता पर्वतीवर एक राउटर ठेवा. दोन्ही टप्प्यांत जाताना ०.९, येताना ०.९, गुणाकार ०.८१. १ ÷ ०.८१ म्हणजे टप्प्याला १.२३ खेपा, दोन्ही मिळून सुमारे २.५. वळसाच स्वस्त! एमआयटीतल्या संशोधकांनी २००३ साली मांडलेलं हे माप ‘ईटीएक्स’. त्यात किलोमीटरला किंमत नाही, फक्त खेपांना. राउटर सतत छोट्या हाका मारतात आणि शेजाऱ्याच्या किती हाका ऐकू आल्या ते त्याला कळवतात; आकडे त्यातूनच येतात.

‘आता इंटरनेट फुकट!’ असे फॉरवर्ड मात्र पुढे ढकलू नका. हॅम रेडिओवर धंदा चालत नाही आणि मजकूर कुलूपबंद करता येत नाही. यूपीआय विसरा. शिवाय परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो.

आणि समोरची टेकडी नुसती दिसून भागत नाही. पर्वती ते चतुःशृंगी अंदाजे ५ किलोमीटर, ५.८ गिगाहर्ट्झ या वारंवारतेला (फ्रिक्वेन्सीला) लहरींचा पट्टा मध्यावर चहूबाजूंनी सुमारे ८ मीटर फुगतो. याला फ्रेनेल झोन म्हणतात. त्याचा निदान ६० टक्के गाभा मोकळा हवा. ओली पानं या लहरी शोषतात. एप्रिलमध्ये निष्पर्ण फांद्यांतून छान जमलेली जोडणी जुलैत, नेमकी पुराच्या दिवसांत, ढेपाळते.