दोन कीफ्रेमच्या मधलं गणित

व्हिडिओ एडिटिंग शिकणाऱ्या मुलांना 'सिनेमॅटिक स्मूद' प्रीसेट (आधीच भरून ठेवलेली सेटिंग) विकत घ्या, अशा जाहिराती हल्ली सारख्या दिसतात. काहींवर 'एआय'चा शिक्काही असतो. पैसे मोजण्याआधी एवढं जाणून घ्या, की हालचालीची लय ठरवणाऱ्या अशा प्रीसेटच्या मुळाशी बहुधा चारच आकडे असतात, आणि ते कुणालाही स्वतः भरता येतात.

कीफ्रेम म्हणजे 'या क्षणी वस्तू इथे हवी' ही सूचना. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये मुख्य चित्रकार महत्त्वाच्या पोझ काढत आणि मधली चित्रं मदतनीस भरत. आज मधलं भरण्याचं काम सॉफ्टवेअर करतं. होल्ड लावलं तर वस्तू जागची हलत नाही, पुढच्या कीफ्रेमला एकदम उडी घेते. लिनियर लावलं तर अंतराचे समान भाग पडतात. सेकंदाला २५ फ्रेम आहेत आणि शीर्षक एका सेकंदात १००० पिक्सेल सरकवायचं आहे, तर दर फ्रेमला ४० पिक्सेल. पण थांबलेलं अक्षर पहिल्याच फ्रेमला पूर्ण वेगात निघतं आणि शेवटी तसंच गच्चकन थांबतं. एसटीसुद्धा थांब्यावरून अशी निघत नाही, म्हणून डोळ्याला ते खटकतं.

यावरचा उपाय मोटारींच्या कारखान्यातून आला. पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ च्या सुमारास सित्रोएन कंपनीत गाडीच्या पत्र्याचे वळसे गणितात पकडण्याची रीत शोधली. कंपनीने ती गुप्त ठेवली. रनो या मोटार कंपनीतल्या पिएर बेझिए यांनी तेच वक्र स्वतंत्रपणे शोधून प्रसिद्ध केले, म्हणून नाव बेझिएंचं लागलं. ॲनिमेशनमध्ये हाच वक्र वेळेनुसार वस्तू कुठे असेल त्याचा ग्राफ होतो.

ती रीत मला फार सुंदर वाटते, कारण तिच्यात लिनियरशिवाय काहीच नाही. चार बिंदू घ्या: दोन टोकं म्हणजे कीफ्रेम आणि मधले दोन म्हणजे हँडल, ग्राफमधला वक्र हवा तसा वाकवायच्या मुठी. त्यांच्या किमती, म्हणजे किती अंतर कापलं (० सुरुवात, १ शेवट), ०, ०, १, १ धरा. आता पाव वाट चालायची आहे. शेजारशेजारच्या बिंदूंमध्ये पाव अंतरावर खूण करा: ०, ०.२५, १. या तिघांमध्ये पुन्हा पाव अंतरावर: ०.०६२५ आणि ०.४३७५. या दोघांमध्ये पुन्हा तसंच: ०.१५६२५. म्हणजे लिनियरने २५० पिक्सेल गेलेलं शीर्षक इथे जेमतेम १५६ वर असतं. पहिल्या फ्रेमला ते पाच पिक्सेलही हलत नाही, मध्यावर मात्र फ्रेमला ६० पिक्सेल धावतं.

इथे एक खोच आहे. हँडलला किंमत असते तशी वेळही असते, म्हणून प्रीसेटमधले आकडे चार: दोन हँडलची वेळ आणि किंमत. वक्रावर पाव वाट चालणं म्हणजे पाव वेळ जाणं नव्हे. सातव्या फ्रेमला वस्तू कुठे आहे हे काढायला सॉफ्टवेअरला आधी त्या वेळेशी जुळणारा वक्रावरचा बिंदू शोधावा लागतो, म्हणजे एक घन समीकरण सोडवावं लागतं. हँडल वेळेच्या एक तृतीयांश आणि दोन तृतीयांशावर असतील तरच वाट आणि वेळ बरोबर चालतात, आणि वरचा हिशेब तसाच्या तसा लागू पडतो. आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये हालचाल हळू सुरू आणि हळू बंद करणाऱ्या 'ईझी ईज'चा ३३.३३ टक्के हा आकडा नेमका तोच: हँडल कीफ्रेमपासून वेळेच्या एक तृतीयांशावर. वेळेच्या दिशेने हँडल दोन कीफ्रेमच्या बाहेर ओढता येत नाही, कारण तसं झालं तर वक्र मागे वळू शकतो आणि वस्तू एकाच क्षणी दोन ठिकाणी असायची वेळ येईल.

पण सगळ्याच कीफ्रेमना ईज लावू नका. चेंडू जमिनीवर आदळताना ईज लावला की तो आपटत नाही, पाण्यात बुडाल्यासारखा मंदावतो. वरच्या कीफ्रेमचं हँडल आडवं ठेवा, कारण तिथे वेग शून्य असतो. खालच्या कीफ्रेमचं हँडल वरून मोजलं तर पडण्याच्या एक तृतीयांश अंतरावर येईल इतकं उचला आणि दोन्हींना ३३.३३ टक्के द्या. किमती होतात ०, ०, १/३, १. मग चेंडू प्रत्येक फ्रेमला गॅलिलिओच्या नियमानेच पडतो: अर्ध्या वेळेत पाव अंतर.