टेपला पुढचं-मागचं कळत नाही: ट्रान्स स्त्रियांसाठी ब्राच्या मापाचं विज्ञान

ब्राच्या लेबलावर दोनच गोष्टी असतात, एक आकडा आणि एक अक्षर. आकडा छातीखालच्या पट्ट्याचा, अक्षर कपचं. एवढ्यावर बहुतेक बायकांचंही नीट भागत नाही. मग जिची छाती वयात येताना टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हॉर्मोनच्या अमलाखाली रुंदावली त्या ट्रान्स स्त्रीचं, किंवा आवडीने साडी-ड्रेस घालणाऱ्या क्रॉसड्रेसरचं कसं भागावं? सांगलीच्या पेठेत दबक्या आवाजात "चाळीस बी द्या" म्हणत घेतलेली ब्रा घरी येऊन कपाटाच्या तळाशी जाते. घेणाऱ्याला वाटत राहतं की आपलं शरीरच चुकीचं आहे. मला हे फार लागतं, कारण चूक शरीरात नसून हिशेबात आहे आणि हा हिशेब कुणालाही समजण्यासारखा आहे.

हाडांपासून सुरुवात करू. पौगंडावस्थेत टेस्टोस्टेरॉनमुळे गळ्याखालची आडवी हाडं लांब होतात, खांदे रुंदावतात आणि बरगड्यांचा पिंजरा मोठा होतो. उंची सारखी असली तरी पुरुषाचा पिंजरा बाईच्या पिंजऱ्यापेक्षा आकारमानाने साधारण दहा टक्के मोठा भरतो. हाडांची वाढ एकदा थांबली की नंतर इस्ट्रोजेन हे स्त्री-हॉर्मोन कितीही घेतलं तरी पिंजरा लहान होत नाही. चरबीची जागा बदलते, त्वचा मऊ होते, स्नायू थोडे उतरतात, स्तन वाढतात. हाड मात्र आहे तसंच राहतं. तेव्हा पट्ट्याचा आकडा मोठा येणार, हे आधीच धरून चालावं. 38, 40, 42 हे पट्टे दुकानात मिळतातच, आपल्याकडच्या कितीतरी मध्यमवयीन बायका तेच वापरतात. खरी अडचण अक्षरात आहे.

पण त्याआधी आकड्यातला एक गोंधळ निस्तरू. इंटरनेटवरचे परदेशी सल्ले पाहून बरेच जण छातीखाली जितके इंच भरतात तोच पट्टा मागतात. भारतीय कंपन्यांच्या तक्त्यांत 34 नंबरचा पट्टा 34 इंचांच्या छातीसाठी नसतो. तो छातीखाली 75 सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम साडेएकोणतीस इंच भरणाऱ्या व्यक्तीसाठी असतो. 36 म्हणजे 80 सेंटीमीटर, 38 म्हणजे 85, 40 म्हणजे 90, 42 म्हणजे 95. अनेक लेबलांवर हा सेंटीमीटरचा आकडा बारीक अक्षरांत छापलेला असतो. खरं माप तेच, त्यामुळे टेपची सेंटीमीटरची बाजू वापरा आणि तो बारीक आकडा शोधा.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या एका मैत्रिणीचं माप आम्ही तिच्या घरी घेतलं. हॉर्मोन्स सुरू करून तिला वर्ष होत आलं होतं. तिला विचारूनच हे आकडे देते आहे. टेप जमिनीला समांतर धरला, श्वास सोडायला लावला. छातीखाली 88 सेंटीमीटर, सर्वांत भरलेल्या जागी 103. फरक 15. युरोपीय तक्त्यात 12 ते 14 सेंटीमीटर फरकाला ए आणि 14 ते 16 ला बी कप धरतात. म्हणजे हिशेबाने 40 बी आला, आणि 40 बी तर तिने आधीच घेतली होती. तिचा पट्टा झकास बसत होता, पण कप बोटाने दाबला की आत जाऊन तसाच राहत होता.

मग आम्ही तिच्या दोन्ही काखांच्या मध्यापासून खाली सरळ रेषेत पेनाने खुणा केल्या आणि पुढचा भाग वेगळा, मागचा वेगळा मोजला. छातीखाली पुढे 44, मागे 44. वरच्या मापात पुढे 50, मागे 53. म्हणजे पंधरा सेंटीमीटरांतले नऊ पाठीत होते! खांद्याची पाती आणि काखेतून पाठीवर पसरलेले रुंद स्नायू यांनी टेप बाहेर ढकलला होता. टेप गोल फिरतो आणि एकच बेरीज सांगतो. ती बेरीज स्तनांची की पाठीची, हे त्याला सांगता येत नाही. ज्यांची पाठ रुंद आहे त्यांनी हे पुढचं-मागचं वेगळं माप घ्यावंच. त्याने निम्मा घोळ संपतो.

उरलेला घोळ अक्षरांचा. बी कप म्हणजे अमुक एवढा स्तन, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात अक्षर फक्त फरक सांगतं, आकारमान सांगत नाही. पट्टा एक पायरी वर गेला की त्याच अक्षराचा कपही मोठा कापला जातो. 34 बीच्या एका कपात ढोबळमानाने 390 मिलिलिटर मावतं, 38 बीमध्ये 590 आणि 40 बीमध्ये 710 च्या आसपास. अक्षर एकच, पण माप जवळपास दुप्पट. 34 बीएवढाच कप 40 च्या पट्ट्यावर हवा असेल तर दर पायरीला एक अक्षर खाली उतरावं लागतं: 36 ए, 38 डबल ए, 40 ट्रिपल ए. हे शेवटचं माप सांगली-मिरजेत शोधून सापडणं अवघड. 40 च्या पट्ट्याला दुकानात सहसा बीपासून पुढचे कप असतात, कारण रुंद छातीला मोठे स्तन असणारच असं धरून माल बनतो. रुंद पिंजरा आणि लहान स्तन असलेलं शरीर त्या तक्त्यात मांडलेलंच नाही. पोहणाऱ्या, कुस्ती खेळणाऱ्या मुलींनाही हाच त्रास होतो.

मग दोन वाटा उरतात. एक म्हणजे कप भरणं. ज्यांना हॉर्मोन्स घ्यायचीच नाहीत, केवळ वेषापुरता उभार हवा आहे, त्यांची हीच वाट. इथे स्वयंपाकघरातली एक युक्ती फार कामाची आहे. साच्यातला, म्हणजे मोल्डेड कप असेल तर तो उताणा धरून त्यात काठोकाठ तांदूळ भरा आणि ते तांदूळ मापाच्या भांड्यात ओता. छातीच्या वळणामुळे थोडा फरक पडतो, पण अंदाज चांगला येतो. आता भरायच्या पॅडचं माप काढा. पॅड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीतली हवा काढा, काठोकाठ भरलेल्या पातेल्यात पूर्ण बुडवा आणि सांडलेलं पाणी मोजा. दोन्ही आकडे जवळ आले की कप सुरकुतणार नाही आणि वरून ओसंडणारही नाही. ऑनलाइन वस्तू मागवताना हे आकडे हातात असले की पैसे वाया जात नाहीत. आतले कपडे परत घेत नाहीत, हे तर सगळ्यांना माहीत आहे.

पॅड कशाचं असावं, यात वजनाचा भाग मोठा. स्तनाच्या ऊतींची घनता पाण्याच्या जवळपास असते आणि सिलिकोनचीही तशीच, म्हणून सिलिकोनचं पॅड चालताना नैसर्गिक हलतं. पण प्रत्येकी 700 मिलिलिटरची जोडी म्हणजे अंगावर जवळपास दीड किलो. फोम हलका, त्यामुळे हात वर केला की कपासकट वर सरकतो आणि खाली येत नाही. मऊ सुती पिशवीत राळा किंवा मोहरी भरून शिवलेलं पॅड मधलं पडतं. दाण्यांच्या मधे हवा असल्याने ते पाण्यापेक्षा हलकं असतं, तरी स्वतःच्या वजनाने खाली बसतं. ते धुता येत नाही, एवढं लक्षात ठेवा. पावसाळ्यात दमट झालं तर आतलं धान्य बदला.

दुसरी वाट तारेविना, ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या मऊ कपाची. हॉर्मोन्स सुरू केलेल्यांनी निदान पहिली दोन वर्षं हीच धरावी, असं माझं स्पष्ट मत आहे. सुरुवातीला निपलखाली कळीसारखी कडक, दुखरी गाठ येते. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला येते तीच ही अवस्था. कधी एका बाजूला आधी येते. तिथे साधा शर्ट घासला तरी कळ जाते, तारेचं तर विचारूच नका. शिवाय या काळात स्तन शंकूसारखा असतो, टोक पुढे आणि बूड अरुंद. घुमटासारखा साचा त्याच्यावर चारी बाजूंनी पोकळ राहतो. ताणणारं कापड शरीराचा आकार घेतं.

वाढीबद्दलच्या अपेक्षाही इथेच जमिनीवर आणायला हव्यात. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात युरोपातल्या काही केंद्रांनी मिळून 229 ट्रान्स स्त्रियांची मापं हॉर्मोन्सच्या पहिल्या वर्षभर घेतली होती. वर्षाअखेर छाती आणि छातीखालच्या मापातला फरक सरासरी 7.9 सेंटीमीटरपर्यंत गेला, आणि जवळपास निम्म्या जणींचा कप 'ट्रिपल ए'पेक्षाही लहानच राहिला. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार वाढ 3 ते 6 महिन्यांत सुरू होते आणि 2 ते 3 वर्षांत पूर्णत्वाला जाते. लवकर वाढावं म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणून मनानेच डोस वाढवणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. कळकळीने सांगते, हे करू नका. इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी रक्तात गुठळ्या होण्याचा धोका असतो, सिगारेट ओढणाऱ्यांना जास्तच. एंडोक्रिनॉलॉजिस्टला, म्हणजे हॉर्मोनच्या डॉक्टरांना, दाखवून, रक्त तपासत औषध घ्यायचं असतं.

पट्ट्याबद्दल थोडं. स्तनांचा भार मुख्यतः छातीखालच्या पट्ट्याने पेलायचा असतो, खांद्यावरच्या पट्ट्यांनी नव्हे. भौतिकशास्त्र असं की सारख्याच ताणाचा इलॅस्टिक पट्टा जितक्या मोठ्या वर्तुळाभोवती असेल तितका त्याचा आतल्या बाजूचा दाब कमी. म्हणून रुंद छातीवर पट्टा सैल वाटतो, माणूस खांद्याचे पट्टे आवळतो, मागचा भाग पाठीवर वर चढतो आणि संध्याकाळी खांद्यांवर लाल वळ दिसतात. यावर उपाय रुंद पट्ट्याचा, तीन किंवा चार हुकांचा. नवी ब्रा नेहमी सर्वांत बाहेरच्या हुकावर बसवून पाहा. इलॅस्टिक सैल पडेल तसं आत यायचं. पट्टा थोडाच कमी पडत असेल तर मागे जोडायची हुकांची पट्टी मिळते. तिने पाठीवर खांद्याचे पट्टे एकमेकांपासून लांब जातात. अरुंद खांद्यांच्या बाईला ते गैरसोयीचं असतं, रुंद पाठीला मात्र बरं पडतं.

आता लेबलाला अजिबात न दिसणारी दोन मापं. पुरुषी वळणाच्या छातीवर निपल एकमेकांपासून लांब असतात आणि खांद्यापासूनचं अंतरही जास्त भरतं. तयार ब्राची दोन कपांमधली पट्टी अरुंद असते, त्यामुळे कप आतल्या बाजूला रिकामा आणि काखेकडे भरून जातो. माझ्या मैत्रिणीचं दोन निपलमधलं अंतर 23 सेंटीमीटर भरलं. खांद्याचे पट्टे पूर्ण लांब करूनही तिला ओढ बसत होती.

गंमत म्हणजे ही दोन्ही मापं ब्लाऊज शिवणाऱ्या कुठल्याही चांगल्या शिंप्याच्या वहीत असतात. छाती, कंबर, शोल्डर, मुंढा यांच्या खाली तो खांद्यापासून टक्स पॉइंट, म्हणजे छातीच्या टोकापर्यंतचं अंतर, आणि दोन टक्समधलं अंतर लिहून घेतो. कटोरी ब्लाऊज तर त्यावरच उभा असतो. ज्यांना साडीच नेसायची आहे त्यांनी तयार ब्राच्या मागे न लागता कटोरीत पॅड बसवलेला ब्लाऊज मापाने शिवून घ्यावा. तो खांद्यावर, पाठीवर आणि छातीवर एकदमच बसतो. या जिल्ह्याला पुरुषाच्या अंगावरची साडी काही नवी नाही. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत मराठी नाटक उभं केलं तेव्हा रंगमंचावरची सीताही पुरुषच होता, आणि यल्लम्मा देवीला वाहिलेले पुरुष, म्हणजे जोगते, इथे पिढ्यानपिढ्या साडी नेसत आले आहेत. ज्या गावाने स्त्रीपार्टी नटांना डोक्यावर घेतलं, त्या गावात एखाद्या ट्रान्स मुलीला मापासाठी शिंप्याच्या पायरीवर तासभर घुटमळावं लागू नये. शिंपी नाही म्हणाला तर घरी शिवणाऱ्या बायकांकडे जा. त्या बहुधा आपुलकीने माप घेतात आणि दरवाजाही बंद असतो.

त्वचेचं थोडक्यात: सिलिकोनमधून हवा जात नाही आणि सांगलीचा एप्रिल-मे सगळ्यांना ठाऊक आहे. पॅड आणि अंग यांच्यामध्ये सुती कापड हवंच, नाहीतर घामाने छातीखाली बुरशीची खाज सुटते. चिकटपट्टीने पॅड रोज अंगाला चिकटवू नका, कातडी सोलते. ब्रा घातल्याने कर्करोग होतो असे निरोप फिरतात, त्यांना आधार नाही. 2014 मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटलला दीड हजारांवर बायकांचा अभ्यास झाला, त्यात असा संबंध दिसला नाही.

वाढीच्या काळात दर तीन-चार महिन्यांनी माप घ्या, पुढचं-मागचं वेगळं. तोवर महागाच्या ब्रा घेऊ नका आणि ब्लाऊजला आत माया जास्त ठेवायला सांगा, म्हणजे उसवून वाढवता येतो. सुरुवातीची दुखरी कळी अपेक्षितच असते. पण काखेत गाठ लागली, निपलमधून रक्त किंवा पाणी आलं, किंवा एकाच जागी कातडी आत ओढली गेली, तर माप बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा.