ब्राइस कॅन्यनला जायचंय? नागपूरकरांसाठी व्हिसा आणि प्रवेश पासची माहिती

अमेरिकेतल्या युटा राज्यातलं ब्राइस कॅन्यन म्हणजे लाल, केशरी, पांढऱ्या दगडी सुळक्यांचं रान. भेगांत मुरलेलं पाणी रात्री गोठून फुगतं, दिवसा वितळतं. हजारो वर्षं असं होत होत हे ‘हूडू’ कोरले गेले. उद्यानात शिरायला आधी बुकिंग लागत नाही. खरं काम इथेच, पासपोर्टवरच्या नावापासून सुरू होतं.

पर्यटनासाठी बी१/बी२ व्हिसा लागतो. डीएस-१६० हा ऑनलाइन फॉर्म भरताना पासपोर्टवर नाव जसं छापलंय तसंच लिहा. माझ्या आईच्या पासपोर्टात आडनावाचा रकाना कोरा होता. अशा वेळी पूर्ण नाव आडनावाच्या जागी आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) लिहायचं असतं. हे कळेपर्यंत आम्हाला फॉर्म दोनदा भरावा लागला.

फी १८५ डॉलर, व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. म्हणून विमानाचं तिकीट आधी काढूच नका. मुंबईच्या दोन खेपा धरून चला: आधी बोटांचे ठसे आणि फोटो, मग बीकेसीतल्या वाणिज्य दूतावासात मुलाखत. जमल्यास लागोपाठच्या तारखा घ्या, म्हणजे विदर्भ एक्स्प्रेसने एकदाच जाऊन भागतं.

सोबत पासपोर्ट, डीएस-१६०ची बारकोडवाली प्रत, अपॉइंटमेंटचं पत्र आणि फोटो हवाच. आयटीआर, बँक स्टेटमेंट, पेन्शनचे कागद, काटोलकडे संत्र्याची बाग असेल तर सातबारा हेही ठेवा; पण अधिकारी ते बघेलच असं नाही. कुठे जाताय, खर्च कोण करणार, परत का येणार, याची खरी आणि थोडक्यात उत्तरं द्या. घरातल्या ज्येष्ठांना इंग्रजी अडत असेल तर मराठीत बोलायचंय असं त्यांनी बिनधास्त सांगावं.

उद्यानाची फी गाडीमागे ३५ डॉलर, सात दिवसांसाठी. १ जानेवारी २०२६पासून अमेरिकेत न राहणाऱ्या, १६ वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येकाला वर १०० डॉलर पडतात. २५० डॉलरचा वार्षिक पास घेतला तर हे जादा पैसे लागत नाहीत. तिघे-चौघे एका गाडीत असाल तर पासच परवडतो. झायन आणि ग्रँड कॅन्यन या उद्यानांनाही तोच चालतो. गाडी स्वतः चालवणार असाल तर निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा.

कड्याची उंची आठ हजार फुटांवर आहे. नागपुरात मे तापत असला तरी बॅगेत स्वेटर असू द्या, तिथे तेव्हाही रात्री पाणी गोठू शकतं.