सुई थांबली, बॉबीन भरत राहिली

नागपूरच्या इतवारीत शिवणाची मशीन दुरुस्तीला नेली होती. कारागिराने चाकाच्या मधली चकती सैल करून चाक फिरवलं. बॉबीन भरू लागली, सुई मात्र जागची हलली नाही. तो म्हणाला, "चाक ठीक आहे ताई, बिघाड पुढे आहे." कोणता भाग बंद केला की कोणतं काम थांबतं, यावरून त्याने मशीनच्या पोटातलं ओळखलं.

एचआयव्हीच्या रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज या विकराला, म्हणजे एन्झाइमला, समजून घ्यायलाही हीच युक्ती वापरतात. या जातीची विकरं १९७० साली हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे शोधली. एचआयव्हीचा मजकूर आरएनएमध्ये असतो. हे विकर त्यावरून डीएनए विणतं आणि नक्कल झालेला आरएनए कापूनही टाकतं. एकच रेणू, दोन कामं. कुठला भाग काय करतो, हे कसं कळणार?

इथे प्रतिपिंडं, म्हणजे परक्या पदार्थाला चिकटणारी शरीराची प्रथिनं (अँटिबॉडी), कामी येतात. उंदराला विकर टोचलं की त्याचं शरीर विकराच्या निरनिराळ्या भागांना चिकटणारी प्रतिपिंडं बनवतं. त्यातलं एकाच जागी बसणारं, एकाच जातीचं प्रतिपिंड हवं तेवढं मिळवण्याची रीत कोलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये दाखवली. मग एकेक प्रतिपिंड विकरात मिसळायचं. विणणं थांबलं का? कापणं थांबलं का? काहीच थांबलं नाही, तर तेही मला मोलाचं वाटतं: ती जागा झाकली तरी काम चालतं, एवढं तरी पक्कं कळलं. मात्र निष्कर्ष जपून काढावा लागतो. अख्खं प्रतिपिंड चांगलं धिप्पाड असतं, बसतं एका जागी आणि अडवतं शेजारची वाट. म्हणून पुष्कळदा त्याची फक्त एक भुजा वापरतात. तिला फॅब म्हणतात, वजन अख्ख्याच्या साधारण एक तृतीयांश.

या भुजेने एक वेगळंच काम करून दिलं. क्ष-किरणांनी रेणूचा आकार पाहायचा, तर आधी त्याचे नीटस स्फटिक हवेत आणि हे विकर फार लवचीक, सहजी स्फटिक न होणारं. संशोधक एडवर्ड अरनॉल्ड यांच्या गटाने विकर, डीएनएचा छोटा तुकडा आणि फॅब-२८ ही भुजा एकत्र घेऊन स्फटिक मिळवले. १९९३ मध्ये ती रचना प्रसिद्ध झाली. विकर दोन घटकांचं असतं; त्यातला मोठा घटक उजव्या हातासारखा दिसतो: बोटं, तळवा, अंगठा. डीएनए तळव्यावरून जातो, विणण्याची जागाही तिथेच. कापण्याची जागा तिथून डीएनएच्या पायऱ्यांसारख्या सुमारे १८ जोड्यांपलीकडे, हाताच्या दुसऱ्या टोकाला. फॅब चिकटली होती ती लहान घटकाला, विणण्याच्या जागेपासून दूर.

मेडिकल कॉलेजच्या एआरटी (एचआयव्हीवरील उपचार) केंद्रातून घरी नेल्या जाणाऱ्या गोळीत टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन असतात. ती दोन्ही औषधं विणल्या जाणाऱ्या डीएनएत टाका म्हणून शिरतात आणि पुढचा टाका पडूच देत नाहीत. हे घडतं त्याच तळव्यावर.