माळ घालणे (बेळगाव सीमाभाग)

गळ्यात तुळशीची माळ धारण करून वारकरी आचार पत्करण्याची रीत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मराठी गावांत ‘त्यानं माळ घातली’ एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला सगळे कळते. मांस-मद्य सुटले, एकादशी आणि रोजचा हरिपाठ आला, वर्षातून निदान एकदा पंढरपूर आले, परधन-परनारी वर्ज्य झाली.

माळ बहुधा ज्ञानेश्वरी पारायणात घालतात. सात दिवस पहाटे काकडा, दिवसा वाचन, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन आणि जागर चालतो. वीणा या हातातून त्या हातात जाते, पण खाली टेकत नाही. नवी माळ आधी पोथीवर ठेवतात, मग महाराज ती गळ्यात घालतात. विधी एवढाच.

जातीची अट नाही, सक्ती तर नाहीच. शेजारच्या लिंगायत घरांत इष्टलिंग परंपरेने बाळपणीच अंगावर येते. माळ मात्र बहुतेक जण कळत्या वयात स्वतः मागून घेतात. कोणी बापाची वारी चालू राहावी म्हणून, कोणी घरातले माणूस अवेळी गेल्यावर, कोणी दारू सोडायची म्हणून. या शेवटच्या माळेचे मोल प्रस्तुत लेखकाला सर्वांत जास्त वाटते. मनातला निश्चय ढळला तर कोणाला कळत नाही. गुत्त्याच्या वाटेला लागलेली माळ सगळ्या गावाला दिसते.

खरी कसोटी गावच्या लक्ष्मी यात्रेत लागते. वर्षांच्या खंडाने येणारी ही यात्रा म्हणजे पै-पाहुण्यांना मटणाचे जेवण. माळकऱ्याच्या घरी त्या दिवशी दोन चुली पेटतात. परड्यात पाहुण्यांचा रस्सा शिजतो, आत त्याची आमटी-भाकरी. त्याचा तवा, ताट, तांब्या वेगळ्या फळीवर. आचार त्याचा, पण तो तवा निराळा घासणारी आणि एकादशी ध्यानात ठेवणारी बहुधा घरची बाई असते, आणि माळेच्या पुण्याईत तिचा वाटा कोणी मोजत नाही. बायकाही माळ घालतात. तेव्हा पुष्कळदा सगळ्या घराचाच स्वयंपाक बदलतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि भाषेचा वाद घरोघरी पोचला. विठ्ठल मात्र दोन्हीकडचा राहिला. ज्ञानदेवांनी त्याला ‘कानडा’ म्हटले, तर पुरंदरदासांनी कन्नड पदांत ‘पुरंदर विठ्ठल’ ही नाममुद्रा घेतली. कानडी घरांतले माळकरीही दिंडीत मराठी अभंग म्हणतात.

माळ १०८ मण्यांची प्रमाण मानतात. ती तुटली तर दुसरी गळ्यात पडेपर्यंत अन्नाला न शिवणारे माळकरी आहेत. म्हणून जुनी माणसे एक जादा माळ देव्हाऱ्यात ठेवून असतात.