थ्री नॉट थ्रीच्या अंगावरचे ठसे

महाराष्ट्रात ‘थ्री नॉट थ्री’ म्हटले की पोलीस शिपायाच्या खांद्यावरची लांब, लाकडी अंगाची रायफल डोळ्यांसमोर येते. तिचे खरे नाव ली-एनफिल्ड. बोल्ट आणि मॅगझिनची रचना जेम्स पॅरिस ली यांची, तर एनफिल्ड हे लंडनच्या उत्तरेकडच्या सरकारी कारखान्याचे गाव. पुढे ही रायफल ऑस्ट्रेलियात लिथगोला, कॅनडात लाँग ब्रांचला, अमेरिकेत सॅव्हेज कंपनीत, पाकिस्तानात वाहला आणि आपल्याकडे बंगालात हुगळीकाठी इशापूरला बनली. म्हणून जुनी ली-एनफिल्ड समोर आली की पहिला प्रश्न असतो, ‘ही कुठली?’

या प्रश्नाचे एकच उत्तर सहसा नसते. बॉडी (बोल्ट ज्यात सरकतो तो मुख्य धातूचा सांगाडा) एका कारखान्याची, नळी दुसऱ्या दशकातली, बोल्ट तिसऱ्याच रायफलीचा आणि दस्ता कुठल्याशा दुरुस्ती कार्यशाळेत बदललेला, अशीच ती बहुधा सापडते. लष्करात रायफल जपून ठेवण्याची वस्तू नव्हती. बिघडली की उघडायची, चालणारे भाग जुळवायचे आणि परत द्यायची. त्यामुळे ठसे भागाभागाने वाचावे लागतात. एका शिक्क्यावरून संपूर्ण रायफलीचा निवाडा केला की चूक ठरलेली.

त्याआधी दोन गोष्टी. रायफल हातात घेतली की मॅगझिन काढायचे, बोल्ट मागे ओढायचा आणि चेंबर डोळ्यांनी व करंगळीने तपासायचे. ती रिकामी आहे असे कोणी कितीही सांगितले तरी. दुसरे म्हणजे कायदा. भारतात .३०३ हा प्रतिबंधित बोअर आहे आणि शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार केंद्र सरकारच्या खास परवानगीशिवाय तो बाळगता येत नाही. म्हणूनच इशापूरच्या कारखान्याने नागरी परवानाधारकांसाठी याच धाटणीची, पण .३१५ बोअरची शिकारी रायफल बनवली. घरात आजोबांच्या काळची रायफल निघाली तर ठसे वाचण्याआधी पोलीस ठाण्यात कळवावे. परदेशातल्या मराठी संग्राहकांनी तिथले नियम पाहावेत.

सुरुवात बट सॉकेटपासून करायची. बोल्टचे हँडल खाली पडते तिथे, लाकडी दस्ता ज्यात बसतो ते हे धातूचे कडे. पहिल्या महायुद्धाच्या काळातील रायफलीत याच्या उजव्या बाजूला वरून खाली एक रांग असते: मुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखाना, साल आणि नमुना. ‘एस.एच.टी. एल.ई.’ म्हणजे आखूड ली-एनफिल्ड. हा आखूड नमुना डिसेंबर १९०२ मध्ये स्वीकारला गेला, १९०७ मध्ये मार्क तीन आला आणि १९१६ मध्ये ‘तीन’च्या पुढे तारा लागला. ताऱ्याचा अर्थ असा, की युद्धाच्या घाईत मॅगझिन बंद ठेवणारी कट-ऑफ पट्टी आणि लांब पल्ल्याची बाजूची साइट वगळून रायफल स्वस्त व लवकर तयार केली. १९२६ मध्ये नाव बदलून ‘नंबर एक’ झाले. त्यामुळे १९१७ च्या ठशात ‘नंबर एक’ दिसले, तर तो नंतर उमटवला असणार.

आद्याक्षरे काळ सांगतात. व्ही.आर. म्हणजे राणी व्हिक्टोरिया, जी २२ जानेवारी १९०१ रोजी वारली. ई.आर. सातवा एडवर्ड, १९१० पर्यंत. त्यानंतर जी.आर., म्हणजे पाचवा आणि पुढे सहावा जॉर्ज. इशापूरच्या ठशात मात्र जी.आर.च्या पुढे एक ‘आय’ असतो, इम्पेरेटर म्हणजे सम्राट या अर्थाचा. इंग्लंडमधल्या कारखान्यांनी तो वापरला नाही. त्या एका अक्षरावरून इशापूर ओळखता येते, ‘इशापूर’ हा शब्द झिजून पुसट झाला असला तरी. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले आणि कारखान्याच्या नावाऐवजी ‘आर.एफ.आय.’, म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर, दिसू लागले.

इंग्लंडमधली नावे कमी आहेत, पण फसवी. ‘एनफिल्ड’ स्वच्छ लिहिलेले असते, ‘बी.एस.ए. कंपनी’ म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स आणि ‘एल.एस.ए.’ म्हणजे लंडन स्मॉल आर्म्स. दुसऱ्या महायुद्धात, बॉम्बहल्ल्याच्या भीतीने, कारखान्यांची नावे लपवून संकेत वापरले गेले. ‘एम ४७’ म्हणजे बी.एस.ए., हे माहीत नसेल तर तो मॉडेलचा क्रमांक वाटतो. ऑस्ट्रेलियात ‘एम.ए.’ लिथगोसाठी, ‘ओ.ए.’ ऑरेंजसाठी आणि ‘बी.ए.’ बॅथर्स्टसाठी. सॅव्हेजच्या रायफलीवर अमेरिकी सरकारची मालमत्ता असल्याचा इंग्रजी शिक्का असतो आणि क्रमांकात ‘सी’ अक्षर, कारण कारखाना चिकोपी फॉल्सला होता. या रायफली ब्रिटनसाठीच बनल्या होत्या. तो शिक्का पाहून ती अमेरिकी सैन्याने वापरली असे समजू नये.

कारखान्याच्या नावाइतकाच महत्त्वाचा असतो मालकाचा शिक्का. तीन रेघांचा बाण म्हणजे ब्रिटिश सरकारची मालमत्ता. त्याच बाणाच्या आजूबाजूची अक्षरे देश सांगतात: बाणाखाली ‘आय’ असेल तर भारत, ‘सी’च्या पोटात बाण असेल तर कॅनडा, दोन ‘डी’च्या मध्ये असेल तर ऑस्ट्रेलिया, ‘एन’ आणि ‘झेड’च्या मध्ये असेल तर न्यूझीलंड, ‘यू’बरोबर असेल तर दक्षिण आफ्रिका. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर सरकारने ती रायफल सेवेतून काढून विकली. एनफिल्डला बनलेल्या बॉडीवर भारताचा बाण असणे अगदी स्वाभाविक आहे. बनवणारा एक, वापरणारा दुसरा.

आता नळी. मागचा हँडगार्ड, म्हणजे नळीवरचे लाकडी आवरण, उचलला की नळीच्या मुळाशी बारीक आकड्यांत तिचे स्वतःचे साल दिसते. ते सॉकेटच्या सालाशी ताडून पाहायचे. सॉकेट १९१८ आणि नळी ४३ (म्हणजे १९४३) असेल तर मधल्या काळात नळी बदलली, आणि यात लबाडी काही नाही. नळीची झीज हे लष्करातले रोजचे दुखणे होते, आणि त्यामागे रसायनशास्त्र आहे. ली-एनफिल्डच्या आधीच्या ली-मेटफर्ड रायफलीच्या नळीत गोळीला फिरकी देणाऱ्या सात उथळ, गोलसर खाचा होत्या. कॉर्डाइट हा धूरविरहित दारूगोळा आला तेव्हा त्याच्या उष्ण वायूंनी त्या खाचा झपाट्याने खाल्ल्या, म्हणून १८९५ मध्ये खोल, चौकोनी कडांच्या पाच खाचा आल्या. दुसरे कारण काडतुसाच्या टोपीत, म्हणजे दारू पेटवणाऱ्या तळाच्या भागात. तिच्यातले पोटॅशियम क्लोरेट जळून पोटॅशियम क्लोराइड उरते. ते मिठासारखेच हवेतला ओलावा ओढते. तेलाने ते विरघळत नाही, पाण्याने विरघळते. म्हणून सैनिक नळीत उकळते पाणी ओतत. मॉन्सूनच्या देशात हे टाळले तर नळीत खड्डे पडायला वेळ लागत नाही. पाठीमागून पांढरा कागद धरून तोंडातून पाहा: पाच खाचा डावीकडे वळत गेलेल्या दिसतील. युद्धकाळातल्या काही लाँग ब्रांच आणि सॅव्हेज नळ्यांत दोनच खाचा असतात, आणि त्या तशाच असायच्या.

नागरी बाजारात आलेल्या रायफलीच्या नळीवर आणखी गर्दी असते. बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचा मुकुटाखालचा ‘बी.एन.पी.’, त्याशेजारी काडतुसाची लांबी २.२२२ इंच आणि दाब १८.५ टन. हे आकडे लष्कराचे नव्हेत, विक्रीआधीच्या चाचणीचे आहेत. ब्रिटनबाहेर बनलेल्या रायफलीवर त्याच चाचणीगृहाचा ‘नॉट इंग्लिश मेक’ हा शिक्का बसे, आणि तो नकलीचा पुरावा मानण्याची गंमत नेहमी घडते.

क्रमांक पाच ठिकाणी शोधा: बॉडीच्या पुढच्या कड्यावर, नळीवर, बोल्टच्या हँडलच्या मागे, नोज कॅपवर (पुढच्या टोकाचे धातूचे टोपण) आणि बॅकसाइटच्या, म्हणजे मागच्या नेमपट्टीच्या, खाली. सगळे एक असतील तर किंमत वाढते, आणि म्हणूनच ते बनवून दिले जातात. लष्कर क्रमांक बदलताना जुन्यावर रेघ मारून नवा ठोकत असे; रेघेखालचा आकडा वाचता येतो. बनवाबनवीत जुना आकडा घासून काढतात, त्यामुळे तिथला धातू किंचित खोलगट आणि रंगाने वेगळा दिसतो. विद्युत-लेखणीने कोरलेले अक्षर पाहून मात्र घाबरू नये. ‘नंबर चार’ या दुसऱ्या महायुद्धातल्या नमुन्याच्या रायफलींवर युद्धानंतरच्या संपूर्ण दुरुस्तीची नोंद, ‘एफ.टी.आर.’, कारखान्यातच अशी कोरली जाई.

घासलेला क्रमांक वाचता येतो, यामागचे विज्ञान फार सुंदर आहे. ठसा थंड पोलादावर ठोकला की अक्षराखालचे धातूचे स्फटिककण दाबले जातात, वाकतात, आणि ही विकृती अक्षराच्या तळापेक्षा बरीच खोल जाते. वरचा थर घासून सपाट केला तरी खालचा दाबलेला भाग तसाच राहतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तांब्याचे क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल असलेले द्रावण फिरवले की दाबलेला आणि न दाबलेला धातू वेगवेगळ्या वेगाने प्रतिक्रिया देतात, आणि आकडा छायेसारखा उमटतो. घरी हे करू नये; एकदा चुकले की पुन्हा संधी नसते. आणि आपल्याकडे शस्त्रावरची ओळखचिन्हे पुसणे किंवा बदलणे हाच शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे.

घरच्या घरी करण्यासारखे साधन म्हणजे प्रकाश. खोली अंधारी करून टॉर्च धातूला जवळजवळ टेकवून, १० ते १५ अंशांनी आडवा धरायचा. समोरून न दिसलेली अक्षरे सावलीने उठून येतात. पुसट खाचांत टाल्कम पावडर चोळून वरची मऊ फडक्याने पुसली की फोटो नीट येतो. गंजावर स्टीलवूल किंवा सँडपेपर मुळीच वापरू नये. हलके तेल लावून दिवसभर ठेवावे आणि फडक्याने काढावे, जेवढे निघेल तेवढेच.

लाकूड काढायचे असेल तर एक सावधगिरी. नंबर एक रायफलीत दस्ता घट्ट करणाऱ्या लांब बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेले असते. पुढचे लाकूड न काढता मागून तो बोल्ट फिरवला की पट्टी फिरते आणि लाकूड मागच्या टोकाला चिरते. अशी चीर पडलेल्या रायफली फार आहेत. आधी पुढचे लाकूड, मग दस्ता. लिथगोच्या लाकडात धक्का बसतो तिथे तांब्याच्या पट्ट्या दिसतात, कारण तिथले लाकूड अक्रोडापेक्षा मऊ होते. इशापूरच्या लाकडात आडवा आरपार स्क्रू दिसतो, तोही चिरू नये म्हणून.

भारतात बनलेल्या किंवा बदललेल्या रायफलींबद्दलचे गैरसमज वेगळे आहेत. पुढच्या भागावर तार गुंडाळलेली असेल तर ती दुरुस्ती नसते. ग्रेनेड डागताना लाकूड फुटू नये यासाठीची ती व्यवस्था. मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा आणि आत खाचा नसलेली गुळगुळीत नळी असेल तर ती पोलीस आणि तुरुंगरक्षकांसाठी केलेली .४१० ची एकेरी बंदूक. ‘डी.पी.’ (ड्रिल पर्पज) असेल तर ती कवायतीसाठीच; तिच्यातून गोळी उडवायची नाही.

सर्वांत मोठी गफलत ‘२ए’ आणि ‘२ए१’ या ७.६२ मि.मी.च्या इशापुरी रायफलींबद्दल होते. जुन्या .३०३ मध्ये ७.६२ ची नळी बसवली, असे सर्रास लिहिले जाते. ते चूक आहे. १९६२ च्या युद्धानंतर ही रायफल इशापूरला नव्याने, अधिक मजबूत पोलादात बनवली गेली. मॅगझिन चौकोनी कोपऱ्यांचे, ठसा ‘रायफल ७.६२ मि.मी. २ए१’, आणि साइट २००० यार्डांऐवजी ८०० मीटरपर्यंत. सोबत सापडलेल्या काडतुसाच्या तळालाही वाचा. .३०३ च्या काडतुसावर ‘के.एफ.’ असेल तर ते पुण्याच्या खडकीचे, आणि ७.६२ च्या काडतुसावर ‘ओ.एफ.व्ही.’ असेल तर भुसावळजवळच्या वरणगावचे.

उरल्या नकला. पेशावरच्या दक्षिणेला दर्रा आदमखेल इथे हातोडी-कानसीवर बनलेल्या ली-एनफिल्ड पिढ्यान्‌पिढ्या विकल्या गेल्या. कारागिराला इंग्रजी वाचता येत नसे. तो अक्षर चित्र म्हणून उतरवी. म्हणून ‘एन’ उलटा, ‘एनफिल्ड’मधले एखादे अक्षर गायब, रेघा सरळ नाहीत. छापाच्या ठशात अक्षराच्या कडा दाबून उचललेल्या असतात, कोरलेल्यात छिन्नीचे तुकडे दिसतात. सर्वांत पक्की खूण कालगणनेची: व्ही.आर., मार्क तीन आणि १९१५ एका रांगेत. फक्त एक अपवाद ध्यानात ठेवावा. जुन्या लांब रायफली आखूड करून घेतल्या तेव्हा सॉकेटच्या एका बाजूला व्हिक्टोरियाचा जुना ठसा राहिला आणि रूपांतराची नोंद दुसऱ्या बाजूला झाली. अशी रायफल अस्सल असते. नकलीत सगळे एकाच रांगेत असते. आणि नकलीचे पोलाद नरम असते, त्यामुळे ती भिंतीवरच शोभते.

नोंदवही ठेवताना दर भागाला एक ओळ द्यावी. उदाहरणार्थ: बॉडी इशापूर, जी.आर.आय., १९२५, नळी ४३, बोल्टचा क्रमांक वेगळा, नोज कॅपवर जुना क्रमांक रेघेखाली, बाणाखाली ‘आय’, लाकडात आडवा स्क्रू, डी.पी. नाही.