गुन्हेगाराने घेतलेला बालमैत्रिणीचा शोध (कथासूत्र)

गुन्हेगारीत गेलेला माणूस लहानपणी दुरावलेल्या मुलीला आयुष्यभर शोधत राहतो, असं हे कथासूत्र, कादंबरीत आणि त्याहून जास्त सिनेमात येतं. त्याला तीन गोष्टी लागतात: बालपणीची ताटातूट, मधल्या काळात धरलेला वाईट मार्ग, आणि एखादी खूण, म्हणजे फोटो, बाहुली असं काहीतरी, जे त्याने सगळं गमावलं तरी जपून ठेवलेलं असतं. शरच्चंद्रांचा देवदास (लेखन १९०० च्या आसपासचं मानतात, पुस्तक १९१७ चं) बरेच जण यात धरतात पण ते पटत नाही, कारण पारो बालमैत्रीण असली तरी देवदास गुन्हेगार नाही आणि ती कुठे आहे हे त्याला पक्कं माहीत असतं, म्हणजे शोध असा नाहीच.

उगम : यावर एकमत नाही. एक बाजू संस्कृतकडे बोट दाखवते. मृच्छकटिकातला चोर शर्विलक (नाटकाचा काळ इसवी सनाच्या आधीपासून पाचव्या शतकापर्यंत कुठेही ओढला जातो) प्रेयसी मदनिकेला दासीपणातून सोडवायला पैसा हवा म्हणून चारुदत्ताच्या घरी भिंत फोडतो. भोक कमळासारखं पाडू की चंद्रकोरीसारखं की भरल्या घड्यासारखं याचा तो शांतपणे विचार करतो, मोजायची दोरी विसरलो म्हणून गळ्यातलं जानवंच माप म्हणून वापरतो, आणि हे सगळं एका बाईसाठी. चोर आणि प्रेम इथे एकत्र आले हे खरं, पण बालपण कुठेय? दुसरा दाखला बिल्हण कवीच्या चौरपंचाशिकेचा, म्हणजे पन्नास श्लोकांच्या प्रेमकाव्याचा, अकराव्या शतकातला. दंतकथा अशी की राजकन्येला शिकवता शिकवता तिच्या प्रेमात पडलेल्या कवीला देहदंड झाला आणि वधस्तंभाकडे जाताना त्याने हे श्लोक म्हटले, प्रत्येक श्लोक ‘अद्यापि’ने, म्हणजे ‘अजूनही’ने, सुरू होतो. आता यातला चोर म्हणजे खरा चोर, की चोरून प्रेम करणारा, की चोर नावाचाच कोणी कवी, हा वाद जुना आहे. उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या पाठांत श्लोकही बरेच वेगळे आहेत, आणि आपल्याच विक्रमांकदेवचरित या काव्याच्या अठराव्या सर्गात बिल्हण स्वतःबद्दल इतकं सांगतो पण या शिक्षेचं काही सांगत नाही, त्यामुळे कथा मागाहून चिकटली असावी असं मानणं जास्त बरं. तरी ‘अद्यापि’ हा शब्द या कथासूत्राच्या काळजाला हात घालतो, फाशीच्या वाटेवरही माणूस जुनं तेच आठवत बसतो.

दुसरी बाजू एकोणिसाव्या शतकातल्या युरोपी कादंबरीला श्रेय देते आणि प्रस्तुत नोंदीचा कलही तिकडेच आहे. मोठी शहरं, अनाथपण, तुरुंग, आणि हप्त्याहप्त्याने छापल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांना लागणारी वीसवीस वर्षांची दरी, यात एखादं माणूस खरोखर हरवू शकतं. डिकन्सच्या ‘ग्रेट एक्सपेक्टेशन्स’मध्ये (१८६०–६१) हे सूत्र दोघांत वाटलेलं दिसतं, लहानपणापासून एस्टेलासाठी झुरणारा पिप वेगळा आणि ज्याच्या पैशावर तो साहेब होतो तो कैदी वेगळा, आणि एस्टेला निघते त्या कैद्याचीच मुलगी.

हिंदी सिनेमा : ‘आवारा’ने (१९५१) हे दोन अर्धे एका माणसात आणले. राज शाळेतून काढला जातो, रीटा दुरावते, भुकेल्या आईसाठी पोळी चोरून तो सुधारगृहात जातो, पण रीटाचा लहानपणीचा फोटो घरात टांगलेलाच असतो आणि पुढे तिच्या घरात तसाच चेहरा भिंतीवर दिसतो तेव्हा त्याला ओळख पटते. ‘मुकद्दर का सिकंदर’मध्ये (१९७८) मैत्रिणीला वाढदिवसाची बाहुली द्यायला तिच्या घरात चोरून शिरलेल्या पोरालाच चोर म्हणून हाकलतात, म्हणजे शिक्का आधी बसतो, आणि ती सापडल्यावरही तो मनातलं बोलू शकत नाही. दोन्हीकडे मुलगी म्हणजे तो बिघडायच्या आधी त्याला पाहिलेलं एकमेव माणूस, तिने ओळखलं तर आपण पूर्ण वाया गेलो नाही असं त्याला वाटतं, आणि म्हणूनच ओळखलं जाण्याची भीतीही तितकीच.

रचनेचा प्रश्न : हे कथासूत्र फ्लॅशबॅकवर जगतं. सर्जिओ लिओनेचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका’ (१९८४) कान महोत्सवात २२९ मिनिटांचा होता, अमेरिकेत तो १३९ मिनिटांवर आणून घटना सरळ कालक्रमाने लावल्या, आणि शोधच संपला, कारण म्हातारा झालेला गुंड नूडल्स त्याच भिंतीतल्या भोकापाशी पुन्हा चढून बघतो, जिथून लहानपणी बालमैत्रीण डेबोराला नाचताना बघायचा, ते दोन क्षण एकमेकांना चिकटून आले तरच मधली पस्तीस वर्षं जाणवतात.

तिची बाजू : याबद्दल लिखाण फार थोडं. पण विसरता येत नाही की हाच नूडल्स तरुणपणी डेबोरावर गाडीत बलात्कार करतो, ज्या मुलीच्या आठवणीवर तो तुरुंगात तग धरून होता तिच्यावरच. बाईने नको म्हटल्यावरही केलेला पाठलाग भारतात २०१३ मध्ये दंड संहितेच्या कलम ३५४ड खाली गुन्हा ठरला (जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे), पडद्यावरच्या शोधाकडे मात्र त्या नजरेने क्वचितच पाहिलं गेलंय. म्हातारपणी तो तिच्या मेकअप रूममध्ये पोचतो तेव्हा ती आरशासमोर चेहऱ्यावरचा पांढरा थर पुसत असते, आणि दाराबाहेर जाऊ नकोस म्हणून विनवते.